तुमचा संगणक विंडोज ११ साठी तयार आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून ‘आता माझ्या संगणकाचं काय?’ हा प्रश्न अनेकांसमोर आहे. खाली दिलेली उत्तरं घरचा किंवा छोट्या कार्यालयातला संगणक स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी आहेत. मला सगळ्यात आधी एक सांगायचं आहे: मशिन पात्र असणं वेगळं आणि तुम्ही अपग्रेडला तयार असणं वेगळं. तपासणी करणारं सॉफ्टवेअर फक्त मशिनबद्दल बोलतं. तुमच्या फाइल सुरक्षित आहेत का, तुमचं रोजचं काम नव्या विंडोजवर चालेल का, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

अपग्रेड आणि अपडेट यात फरक काय?

अपडेट म्हणजे आहे त्याच विंडोजमधल्या दुरुस्त्या. त्या दर महिन्याला येतात आणि बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाहीत. अपग्रेड म्हणजे एक विंडोज जाऊन तिच्या जागी दुसरी येणं. फाइल आणि बहुतेक प्रोग्रॅम जागेवर राहतात, पण खालची अख्खी यंत्रणा बदलते. म्हणूनच अपग्रेडच्या आधी तपासणी लागते.

विंडोज १० अजून सुरू होते, सगळं चालतं. मग बदलायचं कशाला?

मुदत संपली म्हणून विंडोज बंद पडत नाही. मात्र नवी सुरक्षा त्रुटी सापडली की ती बुजवणारं अपडेट येत नाही, आणि त्रुटी तर सापडतच राहतात. हळूहळू बाकीची सॉफ्टवेअरही पाठ फिरवतात. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली होती. क्रोम त्यानंतरही तीन वर्षं तिच्यावर चाललं, पण आवृत्ती १०९ नंतर तेही थांबलं. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्हींची मुदत तर विंडोज १० बरोबर त्याच दिवशी संपली.

इंटरनेटला न जोडलेला, एखादं जुनं यंत्र चालवण्यापुरता ठेवलेला संगणक असेल तर घाई नाही. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, ईमेल उघडला जातो, तिथे मात्र चालढकल नको.

थोडा वेळ हवा असेल तर काही सोय आहे का?

आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणली. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवायची तयारी असेल तर ही योजना मोफत आहे. नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा एकदाच ३० डॉलर द्यावे लागतात. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. या योजनेत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सुविधा नाहीत. तयारीसाठी मिळालेला वेळ एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

विंडोज ११ ला नेमकं काय लागतं?

६४ बिटचा, किमान दोन कोअर आणि १ गिगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर, आणि तो मायक्रोसॉफ्टच्या यादीत असला पाहिजे. ४ जीबी रॅम. ६४ जीबी किंवा मोठी डिस्क. सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) जमणारं यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मशिनमधलं सॉफ्टवेअर. टीपीएम २.० (ते काय, हे पुढे येतं). डायरेक्टएक्स १२ ला चालणारं ग्राफिक्स. नऊ इंचांपेक्षा मोठा आणि किमान ७२० ओळींचा पडदा.

यातली रॅम, डिस्क आणि पडदा यांची अट बहुतेक संगणक सहज पार करतात. अडतं ते प्रोसेसर, टीपीएम आणि यूईएफआय या तीन ठिकाणी. शिवाय ४ जीबी रॅम ही परवानगीपुरती अट आहे. तेवढ्या रॅमवर ब्राउझरचे चार टॅब उघडले की काम रेंगाळतं. माझ्या मते ८ जीबी हीच खरी किमान गरज.

हे सगळं एकेक करून तपासायचं का?

नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप आहे. ते उघडून ‘चेक नाउ’ दाबलं की निकाल मिळतो. बऱ्याच संगणकांवर ते आधीपासूनच असतं, स्टार्ट मेनूत शोधून पाहा. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. याच नावाने भलतंच काही गळ्यात मारणाऱ्या साइट आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

निकाल ‘नाही’ आला तर खिडकी लगेच बंद करू नका. सगळे निकाल दाखवणारं बटण दाबा आणि नेमकी कोणती अट अडली ते वाचा. कित्येक जण इथेच थांबतात आणि नवा संगणक घ्यायला निघतात. प्रत्यक्षात अडलेली अट पुष्कळदा एका बंद ठेवलेल्या सेटिंगची असते.

माझा प्रोसेसर यादीत आहे का, हे कसं ओळखू?

‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, तिथे ‘अबाउट’ उघडा. प्रोसेसरचं पूर्ण नाव तिथे लिहिलेलं असतं.

इंटेलचा असेल तर आय३, आय५, आय७ या नावावर जाऊ नका. ती श्रेणी आहे, पिढी नव्हे. पिढी कळते ती त्यापुढच्या आकड्यावरून. आय५-८२५० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आय७-१०५१० मधले पहिले दोन आकडे म्हणजे दहावी. विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची पिढी लागते. त्यामुळे सहाव्या पिढीचा महागडा आय७ नापास होतो आणि आठव्या पिढीचा साधा आय३ पास होतो. सातव्या पिढीतल्या मोजक्याच प्रोसेसरना सवलत आहे.

एएमडीचा असेल तर ढोबळमानाने रायझन २००० मालिका आणि पुढचे चालतात, पण २००० मालिकेतले सगळे नाहीत. विशेषतः लॅपटॉपमधले आणि आत ग्राफिक्स असलेले काही प्रोसेसर नाव नवं पण रचना जुनी असे आहेत. इथे अंदाज बांधू नका, मायक्रोसॉफ्टच्या यादीत आपला आकडा शोधा.

प्रोसेसर यादीत नसेल तर त्यावर सेटिंगचा इलाज नाही. लॅपटॉपमध्ये तो बदलता येत नाही. डेस्कटॉपमध्ये क्वचित बदलता येतो, पण सहसा मदरबोर्डही बदलावा लागतो.

टीपीएम म्हणजे काय? माझ्याकडे नाही असं सांगतंय.

टीपीएम म्हणजे संगणकाच्या गुप्त किल्ल्या ठेवणारा भाग. डिस्क कुलूपबंद करणारी किल्ली, चेहरा किंवा पिन ओळखण्यासाठी लागणारी किल्ली अशा गोष्टी तो विंडोजच्या आवाक्याबाहेर, वेगळ्या जागी सांभाळतो. कधी ती स्वतंत्र चिप असते, तर कधी प्रोसेसरमध्येच ती सोय केलेली असते.

नव्या विकल्या जाणाऱ्या विंडोज १० संगणकांत टीपीएम २.० हवंच, अशी अट मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना २८ जुलै २०१६ पासून घातली होती. म्हणजे त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये ते असण्याची शक्यता खूप मोठी आहे. सुटे भाग आणून जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये मात्र ते असूनही बंद ठेवलेलं असतं, कारण मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या बराच काळ ते बंदच ठेवून पाठवत असत.

तपासायला विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. आलेल्या चौकटीत रोमन अक्षरांत टीपीएम, टिंब, एमएससी असं सलग टाइप करून एंटर करा. खिडकीत ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’समोर २.० दिसलं तर काम झालं. १.२ दिसलं तर काही मशिनवर उत्पादकाचं फर्मवेअर अपडेट घेऊन ते २.० होतं, सगळ्यांवर नाही. ‘टीपीएम सापडत नाही’ असं आलं तर ते बंद असू शकतं.

सुरू करायला फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे आपण ज्याला अजून बायोस म्हणतो तिथे, जावं लागतं. पण त्याआधी पुढचा प्रश्न वाचा. विंडोज १० मधून वाट अशी: ‘सेटिंग्ज’, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, ‘रिकव्हरी’, तिथे ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’खाली ‘रीस्टार्ट नाउ’, मग ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. आत गेल्यावर इंटेलच्या मशिनवर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशिनवर ‘एफटीपीएम’ असं नाव शोधा. सहसा ते ‘सिक्युरिटी’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ भागात सापडतं. ‘एनेबल’ करा, सेव्ह करा, बाहेर या.

तिथेच ‘क्लिअर टीपीएम’ असाही पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. त्याने आत ठेवलेल्या किल्ल्या पुसल्या जातात.

बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक ४८ आकडी किल्ली मागतोय. हे काय?

हे घडू शकतं, आणि म्हणूनच हा प्रश्न आधी वाचून मग बायोस उघडावा. अनेक लॅपटॉपमध्ये, अगदी विंडोज होम असलेल्यांतही, डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. मालकाला त्याची कल्पनाही नसते. फर्मवेअरमध्ये बदल झाला की विंडोजला शंका येते आणि ती ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली मागते. किल्ली नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टही ती उघडून देऊ शकत नाही.

घरगुती संगणकाची किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्या खात्यात लॉगिन करा, ती दिसते का पाहा, आणि कागदावर उतरवून घ्या. खातं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर त्यांच्याकडून करून घ्या. त्यानंतर ‘कंट्रोल पॅनल’मधल्या बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीच्या, पानावर ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा आणि मगच बायोसमध्ये जा. होम आवृत्तीत हे पान दिसत नाही, तिथे किल्ली हाताशी असणं पुरतं. या पृष्ठावरची एकच गोष्ट कराल, तर ही करा. अपग्रेड करणार नसाल तरीसुद्धा.

‘सिक्युअर बूट जमत नाही’ असं का सांगतंय? संगणक तर तितका जुना नाही.

बहुतेक वेळा विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बसवलेली असते. विंडोज आणि ‘आर’ दाबून रोमन अक्षरांत एमएसइन्फो आणि लगेच पुढे ३२ असं टाइप करा. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ची खिडकी उघडेल. तिच्यात ‘बायोस मोड’समोर ‘यूईएफआय’ असेल तर ठीक. ‘लेगसी’ असेल तर मशिनला यूईएफआय येतं, पण ते वापरात नाही, अशी दाट शक्यता आहे.

अशा संगणकांवर डिस्कची आखणी, म्हणजे तिचे भाग कसे पाडले याची नोंद, एमबीआर या जुन्या पद्धतीची असते आणि यूईएफआयला जीपीटी ही नवी पद्धत लागते. पूर्वी यासाठी डिस्क पुसावी लागायची. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआरटूजीपीटी’ नावाची आज्ञा आहे. ती डेटा न पुसता आखणी बदलते. आधी ती फक्त पडताळणीसाठी चालवायची, पडताळणी पार पडली तरच खरी चालवायची. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नकार देते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आखणी बदला, मग बायोसमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ बंद करून ‘यूईएफआय’ निवडा. उलट केलंत तर विंडोज सुरूच होणार नाही. तसं झालं तर घाबरू नका, बायोसमधला बदल मागे घेतला की ती पुन्हा सुरू होते. डेटा पुसला जात नसला तरी डिस्कच्या आखणीशी संबंधित कोणतंही काम बॅकअपशिवाय करू नये. आज्ञा टाइप करण्याची सवय नसेल तर हा एक टप्पा जाणकाराला शेजारी बसवून करा.

अट सिक्युअर बूट ‘जमण्याची’ आहे, ते चालू असण्याची नाही. तरी सगळं यूईएफआयवर आल्यावर ते चालू करून टाकावं. विंडोज सुरू होण्याच्या आधीच शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमना ते अडवतं. ज्या डिजिटल प्रमाणपत्रांवर सिक्युअर बूट चालतं ती २०११ ची आहेत आणि त्यांची मुदत २०२६ मध्ये, जूनपासून टप्प्याटप्प्याने संपते. नवी, २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, काही मशिनना उत्पादकाचं फर्मवेअर अपडेटही लागतं. उत्पादकाच्या साइटवर आपल्या मॉडेलसाठी नवं बायोस आहे का, हे पाहायला हे आणखी एक कारण.

डिस्कवर किती जागा मोकळी हवी?

६४ जीबी ही अट डिस्कच्या एकूण आकाराची आहे. अपग्रेड चालू असताना नव्या विंडोजच्या फाइल उतरतात आणि जुनी विंडोज बाजूला जपून ठेवली जाते, म्हणून सी ड्राइव्हवर मी तरी ३० जीबी मोकळी ठेवा असंच सांगेन. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ इथे कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. सुरुवात ‘डाउनलोड्स’ फोल्डरपासून करा. तिथे वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नसतं.

जागेबरोबर डिस्कची तब्येतही पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क स्वतःबद्दल काय नोंदवते ते दाखवतं. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर अपग्रेड बाजूला ठेवा, आधी बॅकअप घ्या आणि डिस्क बदला. अपग्रेडमध्ये डिस्कवर भरपूर वाचन-लेखन होतं, आणि आजारी डिस्क नेमकी अशा वेळी दगा देते.

माझ्याकडे अजून फिरती हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही. चालेल?

अटींत बसतं, पण वापरताना जीव मेटाकुटीला येतो. अपग्रेडच्या निमित्ताने एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करा. इतर कोणत्याही सुट्या भागाने इतका फरक पडत नाही.

माझे प्रोग्रॅम, प्रिंटर, स्कॅनर चालतील का?

पीसी हेल्थ चेक याबद्दल गप्प असतं, आणि अपग्रेडनंतरच्या तक्रारी बहुतेक इथल्याच असतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी तुमची सध्याची विंडोज ३२ बिट आहे की ६४, ते ‘अबाउट’मध्ये ‘सिस्टिम टाइप’समोर पाहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड होतच नाही, प्रोसेसर ६४ बिट असला तरी सगळं नव्याने बसवावं लागतं. त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला: डॉसच्या काळातले किंवा १६ बिटचे प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर कसेबसे चालत, ६४ बिटवर ते अजिबात चालत नाहीत. हिशेबाची, साठ्याच्या नोंदींची अशी जुनी सॉफ्टवेअर आजही वापरात आहेत. दुसरा: ३२ बिटचे ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं विंडोजला जोडून देणारी छोटी सॉफ्टवेअर, ६४ बिट विंडोजवर बसत नाहीत. साधे ३२ बिट प्रोग्रॅम मात्र बिनदिक्कत चालतात.

तुमची विंडोज आधीच ६४ बिट असेल तर चिंता पुष्कळ कमी. विंडोज १० वर चालणारे बहुतेक प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर ११ वरही चालतात. तरीही काही गोष्टी मुद्दाम तपासा. यूएसबीला लावायचं हार्डवेअर लॉक असलेलं सॉफ्टवेअर, डिजिटल सही करायचं टोकन, बारकोड किंवा पावती छापणारी उपकरणं, जुने स्कॅनर, मायक्रोसॉफ्टखेरीज दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस. देवनागरी टायपिंगची युनिकोडपूर्व सॉफ्टवेअरही यातच येतात, कारण त्यांचे कीबोर्ड विंडोजच्या आतल्या थरांत शिरून काम करतात. प्रत्येकाच्या उत्पादकाच्या साइटवर विंडोज ११ चं नाव आहे का पाहा, आणि ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवा. वाय-फायचा आणि नेटवर्कचा ड्रायव्हर तर हमखास ठेवा, कारण अपग्रेडनंतर नेटच लागलं नाही तर बाकीचे आणणार कुठून?

इंटरनेट एक्स्प्लोरर विंडोज ११ मध्ये नाही. एखादी जुनी साइट त्याच्यावरच चालत असेल तर एज ब्राउझरमधला ‘आयई मोड’ वापरा, तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. वर्डपॅडही विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून गेलं. टास्कबार पडद्याच्या कडेला लावायची सवय असेल तर हेही माहीत असू द्या की विंडोज ११ आली तेव्हा ती सोय काढून टाकलेली होती.

संगणक पात्र आहे, तरीही अपग्रेड समोर येत नाही. असं का?

एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम त्रास देतो असं लक्षात आलं की मायक्रोसॉफ्ट तशा संगणकांपुरतं अपग्रेड रोखून धरते. दोष दुरुस्त झाला की वाट मोकळी होते. पेन ड्राइव्हवरून जबरदस्तीने ते करता येतं, पण रोखण्यामागे कारण असतं, म्हणून थांबणंच शहाणपणाचं. तोवर ग्राफिक्स, आवाज आणि वाय-फायचे ड्रायव्हर अद्ययावत करा, पुष्कळदा अडथळा तिथेच असतो.

बॅकअप कसा घ्यावा? माझं सगळं वनड्राइव्हवर आहे.

वनड्राइव्हवर सगळं आहे असं वाटतं, पण तिथे सहसा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स एवढेच फोल्डर असतात. शिवाय ते जुळवून ठेवण्याचं काम करतं: इकडे फाइल पुसली की तिकडचीही जाते, मग ठरावीक दिवस रिसायकल बिनमध्ये शोधावी लागते. वेगळ्या हार्ड डिस्कवर एक प्रत हवीच. आणि ती प्रत झाल्यावर डिस्क काढून ठेवा, अपग्रेड चालू असताना जोडलेली ठेवू नका.

नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, आउटलुकची ‘पीएसटी’ फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर जो सी ड्राइव्हवर भलत्याच ठिकाणी असतो, खास बसवलेले फॉन्ट, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे आकडे. बॅकअप घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडल्या तरच तो बॅकअप.

अपग्रेडला पैसे लागतात का? पुन्हा परवाना लागेल?

रीतसर सक्रिय असलेल्या विंडोज १० वरून अपग्रेड मोफत आहे. होमवरून होम, प्रोवरून प्रो. परवाना मशिनच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो, त्यामुळे नवा आकडा टाइप करावा लागत नाही. विंडोज ७ आणि ८ चे जुने आकडे वापरून नवी विंडोज सक्रिय करण्याची वाट मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

अटी न पाळणाऱ्या संगणकावर युक्तीने विंडोज ११ बसवता येते असं ऐकलं. करू का?

येते, पण मी करू नका म्हणेन. अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षा अपडेटसाठी अपग्रेड करायचं आणि त्यांचीच हमी नसलेल्या वाटेने जायचं, याला अर्थ नाही. खूप जुन्या मशिनवर तर युक्तीही चालत नाही. २४एच२ आवृत्तीपासून विंडोजला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ या सूचना लागतात, आणि कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीतच.

मग अपात्र संगणक टाकून द्यायचा?

मुळीच नाही. चांगला चालणारा संगणक केवळ यादीत नाही म्हणून भंगारात जावा, हे मला पटत नाही. लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेचा, विचार करा. मिंट आणि उबुंटू हे तिचेच दोन प्रकार. लिनक्स मिंटला २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असली तर उत्तम. उबुंटू २४.०४ ला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा लागते. दोन्ही पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतात, डिस्कला धक्का न लावता. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर चालतो का, हे आधी तपासा आणि मगच बसवायचं का ते ठरवा. ब्राउझर, ईमेल, लिखाण, व्हिडिओ यासाठी ते पुरेसं आहे. केवळ विंडोजवरच चालणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवर तुमचं काम अवलंबून असेल तर मात्र ही वाट तुमची नाही.

मॅक असेल तर?

वरच्या कोपऱ्यातल्या ॲपलच्या खुणेखाली ‘अबाउट धिस मॅक’ उघडून मॉडेलचं वर्ष पाहा आणि ॲपलच्या यादीशी ताडून बघा. इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस टाहो, म्हणजे आवृत्ती २६, ही शेवटची ठरणार असल्याचं ॲपलने जाहीर केलं आहे, आणि तीही मोजक्या इंटेल मॉडेलवरच चालते. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत, तेव्हा त्याहून जुन्या आवृत्तीवरून उडी मारणाऱ्यांनी आपली सॉफ्टवेअर आधी तपासावीत.

अपग्रेडच्या दिवशी काय सांभाळायचं?

लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जादा डिस्क काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टखेरीज दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता काढा. डाउनलोड काही जीबींचं असतं, त्यामुळे नेटची मर्यादा पाहा. पडदा काळा होईल, संगणक आपणहून काही वेळा बंद-चालू होईल, टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थबकेल. मध्येच बटण दाबून बंद करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी काही महत्त्वाचं सादर करायचं असेल तर आदल्या रात्री हे काम काढू नका.

अपग्रेड मध्येच फसलं आणि एक आकडा आला. त्याचा अर्थ काय?

आकड्यात ८००७००७० असेल तर जागा कमी पडली. ‘सी’ आणि पुढे १९००१०१ असेल तर बहुधा ड्रायव्हरचा दोष: उपकरणं काढा, ड्रायव्हर अद्ययावत करा, पुन्हा प्रयत्न करा. ‘सी’ आणि पुढे १९००२०८ असेल तर एखादा प्रोग्रॅम आडवा आला आहे, तो काढून टाका. ‘सी’ आणि पुढे १९००२०० म्हणजे मशिन अटीच पूर्ण करत नाही. या सगळ्यांत विंडोज सहसा स्वतःहून जुन्या जागी परत जाते, फाइल शाबूत राहतात.

अपग्रेड केलं आणि आवडलं नाही, तर मागे जाता येतं का?

येतं, पण दहाच दिवसांत. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ हा पर्याय असतो. जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. डिस्क साफ करणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने ते फोल्डर आधीच काढलं तर परतीची वाट तिथेच संपते, म्हणून त्या दिवसांत साफसफाई नको. मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवणारी आज्ञाही आहे, पण ती दहा दिवस संपण्याच्या आत द्यावी लागते.

हे दहा दिवस मुद्दाम वापरा. महिन्यातून एकदाच लागणारं काम त्यातच करून पाहा: पगारपत्रक छापा, जुना स्कॅनर चालवा, टोकन लावून सही करा, बॅकअपची डिस्क जोडा. काही अडलं तर अजून मागे जाता येईल.